औषधविक्रेता : चतुष्पादाबाहेरचा साक्षीदार

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येक पादाचे चार गुण, असे एकूण सोळा. पदवीच्या वर्षांत आपण सर्वांनी ही गणना मुखोद्गत केलेली आहे. या गणनेत औषध विकणारा मनुष्य कोठेही नाही, आणि त्यात नवल वाटण्याचे कारणही नाही. त्या काळी गोपाल, अजपाल व वनवासी यांच्याकडून वनस्पतीचे नाम-रूप जाणून घेऊन वैद्य स्वतः द्रव्याची परीक्षा करीत असे, स्वतःच्या देखरेखीखाली कल्प सिद्ध करीत असे आणि स्वतःच्या हाताने रोग्यास देत असे. द्रव्य आणि रोगी यांच्या मध्ये तिसरा कोणी उभा नव्हता.

आज तेथे बरीच मंडळी उभी आहेत. कारखानदार आहे, घाऊक व्यापारी आहे, कंपनीचा प्रतिनिधी आहे आणि सर्वांत शेवटी दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला औषधविक्रेता आहे. या शेवटच्या माणसाविषयी आपल्या संघटनेत फारसे बोलले जात नाही. बोललेच तर ‘चिठ्ठीवरचे औषध बदलून देतो’, ‘स्वतःच वैद्यकी करतो’ अशा तक्रारीच्या सुरात बोलले जाते. त्या तक्रारी खोट्या आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु औषधसुरक्षेच्या बाबतीत हा मनुष्य जे पाहतो ते आपल्यापैकी कोणीही पाहत नाही, आणि त्याने पाहिलेले कोठेही नोंदले जात नाही, ही आमच्या मते अधिक गंभीर गोष्ट आहे. हे मत आम्ही पुस्तकातून घेतलेले नाही. ते आमच्याच एका चुकीतून आलेले आहे, म्हणून ती आधी सांगतो.

आठ-नऊ वर्षांपूर्वी एक निवृत्त प्राथमिक शिक्षक अम्लपित्ताच्या तक्रारीसाठी आमच्याकडे आले. गावात सर्व त्यांना गुरुजी म्हणत, आम्हीही तसेच म्हणत असू. वय पासष्टीच्या पुढचे. रक्तदाबासाठी त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडून एक मूत्रल गोळी चालू होती, तशी नोंद आमच्या केसपेपरवर होतीही. आम्ही यष्टीमधु चूर्ण तीन ग्रॅम, दोन वेळा, दुधातून लिहून दिले आणि पंधरा दिवसांनी भेटावयास सांगितले. गुरुजींना आठ दिवसांतच उतार पडला, त्यामुळे ते भेटावयास आले नाहीत. आम्हीही त्यांना विसरलो.

सुमारे सात महिन्यांनी एका रात्री दवाखाना बंद करण्याच्या वेळी आमच्या शेजारचे औषधविक्रेते आत आले. वयाने ते आमच्याहून वडील, दुकान त्यांच्या वडिलांपासूनचे. थोडे घुटमळून म्हणाले, “डॉक्टर, एक विचारू का? रागावू नका. तुमचे गुरुजी दर महिन्याला जेष्ठमधाचे दोन डबे नेतात. तुमचीच चिठ्ठी दाखवतात. आज जिना चढताना पायच उचलत नाहीत म्हणत होते, आणि घोट्यांवर सूज दिसली मला. रक्तदाबाची गोळीसुद्धा त्यांच्या डॉक्टरांनी वाढवून दिलीय, तीही माझ्याकडूनच नेली. म्हटलं, तुमच्या कानावर घालावं.”

आम्हांस प्रथम राग आला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. यष्टीमधुसारख्या सौम्य, मधुर, रसायन द्रव्याबद्दल एका दुकानदाराने आम्हांस प्रश्न विचारावा, हे मनाला रुचले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र गुरुजींना बोलावून रक्ततपासणी करून घेतली. पोटॅशियम चांगलेच उतरलेले होते. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन या घटकामुळे मूत्रपिंडातील एका विकराचे कार्य मंदावते. परिणामी सोडियम व पाणी शरीरात साठते, पोटॅशियम मूत्रावाटे निघून जाते आणि रक्तदाब वाढतो. त्यात मूत्रल गोळीने पोटॅशियमचा ऱ्हास आणखी वाढविला. रक्तदाब वाढला म्हणून गोळी वाढविली गेली आणि गोळी वाढल्याने पोटॅशियम आणखी खाली गेले. चूर्ण बंद केले, त्यांच्या डॉक्टरांशी बोलून पुढील उपचार केले, आणि काही आठवड्यांत गुरुजी पूर्ववत जिना चढू लागले.

येथे दोष कोणाचा? द्रव्याचा नव्हे, कारखान्याचा नव्हे, दुकानदाराचा तर मुळीच नव्हे. आमच्या चिठ्ठीवर मात्रा होती, काल होता, अनुपान होते, परंतु औषध केव्हा थांबवावे हे लिहिलेले नव्हते. ज्या चिठ्ठीला अंत नाही ती रोग्याच्या दृष्टीने आजन्म असते. आम्ही गुरुजींना एकदाच पाहिले, त्यांच्या डॉक्टरांनी बहुधा दोन-तीनदा, आणि औषधविक्रेत्याने मात्र दर महिन्याला. दोन्ही शास्त्रांची औषधे एकाच पिशवीत पडताना पाहणारा तोच एकटा होता.

आणखी एक कबुली. त्या प्रसंगाची नोंद आम्ही कोठेही केली नाही. तसे करण्याची व्यवस्था त्या वेळी अस्तित्वात होती. आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांसाठी राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम २००८ साली सुरू झाला होता आणि त्याचे राष्ट्रीय केंद्र जामनगर येथे होते. संशयित दुष्परिणामाचे पत्रक भरून पाठविणे एवढेच काम होते. परंतु पत्रक भरणे म्हणजे आपली चूक जगजाहीर करणे, अशी आमची समजूत होती. पत्रकात चूक कोणाची हे विचारलेलेच नसते, काय घडले एवढेच विचारलेले असते, हे आम्हांस पुष्कळ नंतर उमगले.

शेजारच्या दुकानदाराने पाहिले ते अपवादात्मक होते असे कोणास वाटत असल्यास १९९२ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेले एक निरीक्षण आठवावे. अपस्मारासाठी फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांचे झटके, पूर्वी आटोक्यात असूनही, पुन्हा सुरू झाले. दोघेही सोबत शंखपुष्पीचा कल्प घेत होते. पुढे उंदरांवर केलेल्या प्रयोगांत हा कल्प वारंवार दिल्यास फेनिटॉइनची रक्तातील पातळी उतरते व त्याचा गुणही कमी पडतो, असे आढळले. शंखपुष्पी मेध्य आहे, आणि परीक्षेच्या हंगामात तिची सरबते किती खपतात हे आपल्या फार्मसीचालक वाचकांना आम्ही सांगावयास नको. चिठ्ठी न मागता विकले जाणारे हे औषध. त्याच गल्ल्यावर फेनिटॉइनच्या गोळ्याही विकल्या जातात. दोन्ही एकाच घरी जात आहेत हे कोणास कळणार? वैद्याला नाही, मेंदूविकारतज्ज्ञालाही नाही, कारण रोगी दोघांनाही ‘ते तर नुसते टॉनिक आहे’ म्हणून सांगत नाही. कळले तर ते फक्त बिल करणाऱ्याला कळते.

गुग्गुळाबाबतही मुंबईतच झालेले काम आहे. प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम या हृद्रोगावरील औषधांसोबत गुग्गुळाचा अर्क दिला असता त्यांचे शोषण घटते, असे १९९४ साली दाखविले गेले. आमवाताचा रोगी बहुधा वयस्क असतो आणि वयस्क रोग्याच्या खिशात हृदयाच्या गोळ्या असतात. मिरी-पिंपळीचे उलट आहे. त्यांतील पायपरिन अनेक औषधांचे शोषण वाढविते, फेनिटॉइनचेही. म्हणजे एकच रोगी एका पुडीने औषधाला मुकतो आणि दुसरीने त्याच औषधाच्या अतिमात्रेत जातो. हे सर्व गल्ल्यावरच्या माणसास पाठ असावे अशी आमची अपेक्षा नाही. त्याने ‘दुसरी कोणती औषधे चालू आहेत?’ एवढे विचारावे आणि उत्तर चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहून ती वैद्याकडे परत धाडावी, इतकेच.

आता कायद्याकडे वळू. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यात १९६४ सालच्या दुरुस्तीने आपल्या औषधांचे स्वतंत्र प्रकरण आले. त्यानुसार औषध बनविण्यास परवाना लागतो, विकण्यास लागत नाही. ॲलोपॅथिक औषधांच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट असावाच लागतो. निव्वळ आयुर्वेदिक दुकानात कोणीही बसू शकतो. काही व्यावसायिकांना ही मोकळीक सोयीची वाटते. आम्हांस ती एक प्रकारची उपेक्षा वाटते. ज्याच्यावर कायद्याने कोणतीही जबाबदारी टाकलेली नाही, त्याच्या निरीक्षणाला किंमत देण्याचेही कोणास कारण उरत नाही.

वेष्टनावरील सूचनेचीच गोष्ट घ्या. अनुसूची ई-१ मध्ये वत्सनाभ, कुचला, भल्लातक, धत्तूर, जयपाल, गुंजा, अहिफेन, पारद, हिंगुळ, हरताळ, मनःशिळा अशी विषोपविषे दिलेली आहेत. ज्या कल्पात यांपैकी द्रव्य आहे त्यावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा अर्थाची सूचना छापणे नियम १६१ अन्वये बंधनकारक आहे, आणि ती इंग्रजीत व हिंदीत असावी असे तो नियम म्हणतो. आमच्या तालुक्यातील आजीबाई ती बारीक अक्षरे कोणत्या भाषेत वाचणार? ती सूचना मराठीत बोलून दाखवणारा एकच मनुष्य आहे, तो म्हणजे दुकानदार. त्याने ती बोलून दाखविली नाही तर छापलेली सूचना छापलेलीच राहते.

करोनाच्या काळात आपल्या शास्त्रावर जो वाद ओढवला त्यात या उणिवेची किंमत आपण सर्वांनी मोजली आहे. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यास जाहीर उत्तर दिले. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती कशावरून, तिच्याच जातीची दुसरी वेल, टिनोस्पोरा क्रिस्पा, नव्हती कशावरून, असा आक्षेप घेण्यात आला. २०२२ साली देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा दुसरा वृत्तांत आला. वाद पुन्हा पेटला. आपल्या बैठकांतून त्या काळी आम्ही बरीच आवेशपूर्ण भाषणे ऐकली, एक-दोन स्वतःही केली.

त्या वादात कोणाचा पक्ष खरा हे ठरविण्याचा आमचा येथे मुळीच हेतू नाही. गुळवेल आम्ही आजही देतो, रोगी पाहून देतो, आणि यकृताचा किंवा स्वप्रतिरक्षेचा पूर्वविकार असल्यास आता दहा वेळा विचार करतो. परंतु जो आक्षेप आपण घेतला तो नीट पाहिला तर आपल्याच अंगावर येतो. वनस्पती कोणती होती? गोळी कोणत्या बॅचची होती? काढ्याची काडी कोणाच्या कुंपणावरची होती? आम्ही समोरच्याला हे प्रश्न विचारले, पण त्यांची उत्तरे ठेवण्याची जागा मुळात आपली होती. ज्या रुग्णाने वेल दारातून तोडली त्याचे सोडून देऊ. ज्याने ती दुकानातून रस, चूर्ण वा वटीच्या रूपाने नेली, त्याच्या बिलावर बॅच क्रमांक असता आणि दुकानदाराने त्याच बॅचचा एक डबा बाजूला काढून ठेवला असता, तर प्रयोगशाळेने चार दिवसांत सांगितले असते की ही कोणती वेल आहे. मग कदाचित आपली बाजू सिद्ध झाली असती. कदाचित नसती. दोन्ही परिस्थितींत पुढच्या रोग्याचे भले झाले असते.

दुसऱ्याने आपल्याविषयी सांगितल्यावरच आपण जागे होतो, हा अनुभव नवा नाही. अमेरिकेत बोस्टन परिसरातील दुकानांतून ७० आयुर्वेदिक उत्पादने विकत घेऊन तपासण्यात आली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा सोमल आढळल्याचे २००४ साली तेथील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. भस्मे विधिपूर्वक सिद्ध केली होती की नाही, हा आपला प्रश्न रास्त होता. तथापि वनौषधींच्या निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी सक्तीची झाली ती १ जानेवारी २००६ पासून, म्हणजे त्या वृत्तांतानंतर. आपल्या बाजारातील माल आपल्या दुकानदारांनी व आपणच आधी तपासून घेतला असता तर काय बिघडले असते?

येथपर्यंत वाचून फार्मसीचालक वाचक मनात म्हणत असतील की वैद्य महाशय सारे ओझे आमच्याच डोक्यावर देत आहेत. तेव्हा आमच्या वैद्यबंधूंविषयीही बोलले पाहिजे. आपल्यापैकी पुष्कळजण औषधे दवाखान्यातूनच देतात. स्वतःच्या रोग्यांसाठी औषध करून देणाऱ्या वैद्यास निर्मितीच्या परवान्यातून कायद्याने सूट दिली आहे. ही सूट परंपरेचा मान राखणारी आहे. परंतु कागदाच्या पुड्या बांधून ‘ही सकाळी, ही रात्री’ म्हणून देणारा वैद्य त्या क्षणी स्वतःच औषधविक्रेता असतो, आणि बहुधा गल्ल्यावरच्या विक्रेत्याहून अधिक निष्काळजी असतो. दुकानातील डब्यावर निदान नाव, बॅच क्रमांक आणि निर्मितीची तारीख असते. आमच्या पुडीवर काय असते? तो रोगी उद्या अन्य कारणाने अतिदक्षता विभागात दाखल झाला, तर तेथील डॉक्टर कागदावर ‘अज्ञात आयुर्वेदिक पावडर’ असे लिहितात. एकदा ते शब्द लिहिले गेले की पुढचे सर्व काही त्या पावडरीच्या नावावर जाते. आपली पुडी निर्दोष असेल तर ते सिद्ध करण्याचा एकमेव मार्ग तिच्यावर लिहिलेली चार अक्षरे हा होता. ती आम्ही लिहिली नव्हती.

आणि सर्वच पुड्या निर्दोष नसतात. सांधेदुखीवरील काही अनामिक चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले असते, हे आपल्या व्यवसायातील उघड गुपित आहे. जत्रेतून वा फिरत्या विक्रेत्याकडून आणलेल्या पुडीने तीन दिवसांत गुडघे मोकळे होतात, तीन महिन्यांत चेहरा गोल होतो, साखर चढते, आणि पुडी अचानक बंद केली की रोगी कोसळतो. अशी पुडी घेऊन ‘यासारखे दुसरे काही द्या’ म्हणत रोगी प्रथम दुकानातच येतो. त्या वेळी दुकानदाराने खांदे उडवले, तर ती खूण तेथेच नाहीशी होते.

मग दुकानदार बोलत का नाहीत? आमच्या शेजाऱ्यांना आम्ही पुढे एकदा हे सरळ विचारले. त्यांचे उत्तर असे होते की ज्या वैद्याच्या औषधाविषयी शंका काढावी तो वैद्य उद्यापासून चिठ्ठ्या दुसऱ्या दुकानी पाठवतो. कंपनीच्या प्रतिनिधीस सांगावे तर तो हसतो आणि पुढच्या खेपेस योजनेतले मोफत डबे कमी करतो. रोग्यास सांगावे तर तो घाबरून सर्वच औषधे सोडतो. “तुमच्याकडे आलो त्या रात्री मी घरी सांगून आलो होतो, की उद्यापासून डॉक्टरांच्या चिठ्ठ्या बंद झाल्या तर आश्चर्य मानू नका.” हे वाक्य आम्हांस बरेच दिवस टोचत राहिले.

त्यांच्या भीतीचे मूळ आपल्यात आहे. आयुर्वेदीय औषधांस दुष्परिणाम नसतात, हे वाक्य आपण इतक्या वेळा उच्चारले आहे की आता दुष्परिणाम सांगणारा माणूस आपणांस शास्त्राचा वैरी वाटतो. वस्तुतः हे वाक्य शास्त्रात कोठेही नाही. अयोग्य रीतीने योजलेले औषध विषासमान, शस्त्रासमान होते, ही जाणीव चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात दिलेली आहे. सिद्धिस्थानात वमन-विरेचनाच्या व्यापदांसाठी स्वतंत्र अध्याय आहे व तेथे दहा व्यापदा त्यांच्या चिकित्सेसह सांगितल्या आहेत. ज्या आचार्यांनी आपल्या चिकित्सेच्या अपयशाची इतकी तपशीलवार नोंद ठेवली, त्यांच्या शिष्यांनी पत्रक भरण्यास कचरावे, हे विसंगत आहे. बिब्ब्याने त्वचेवर फोड येतात हे आपण विद्यार्थ्यांस न लाजता शिकवितो. ज्येष्ठमधाने पाय सुजले हे सांगावयास का लाजावे?

नोंदणीची व्यवस्था आता पूर्वीपेक्षा सुलभ आहे. २०१७-१८ पासून केंद्र शासनाच्या नव्या योजनेनुसार राष्ट्रीय समन्वय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे, त्याखाली मध्यवर्ती केंद्रे आणि त्यांखाली निरनिराळ्या संस्थांतील परिघीय केंद्रे आहेत. २०२५ साली ‘आयुष सुरक्षा’ हे संकेतस्थळही सुरू झाले. कार्यकारणसंबंध खरा की खोटा हे ठरविणे तज्ज्ञांचे काम आहे. कळविणाऱ्याने फक्त संशय कळवावयाचा आहे. दुकानदारास नाडी पाहता येत नाही म्हणून त्याचा संशय टाकाऊ ठरत नाही.

आमच्या शेजाऱ्यांच्या गल्ल्यावर आता एक साधी दोनशे पानी वही असते. तारीख, रोग्याच्या नावाची आद्याक्षरे, औषध व बॅच, सोबत चालू असलेली अन्य औषधे, आणि रोग्याने सांगितलेली तक्रार त्याच्याच शब्दांत. दर महिन्याच्या अखेरीस वही आमच्याकडे येते. पुष्कळ नोंदी किरकोळ असतात. कोणास चूर्णाने मळमळले, कोणास आसवाने जळजळले. काही नोंदी मात्र पत्रक भरण्याजोग्या निघतात, त्या आम्ही दोघे बसून भरतो व जवळच्या महाविद्यालयातील केंद्राकडे पाठवितो. सुट्या काष्ठौषधींच्या पुडीवरही ते आता घाऊक व्यापाऱ्याचे नाव व पोते फोडल्याची तारीख लिहितात. यासाठी त्यांनी मुलाकडून एक रबरी शिक्का करून घेतला आहे, त्याचा त्यांना फार अभिमान आहे.

आमच्याकडून आम्ही एवढेच केले की प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी औषध कोणत्या तारखेपर्यंत द्यावे ते लिहितो. ती तारीख उलटलेली चिठ्ठी ते स्वीकारत नाहीत, रोग्यास आमच्याकडे परत पाठवितात. मागील महिन्यात अशी पाच माणसे परत आली. त्यांपैकी एक गृहस्थ आमच्यावर आणि त्यांच्यावर सारखेच चिडले आणि तेच औषध पलीकडच्या चौकातील दुकानातून घेऊन गेले. त्या दुकानदारांनाही आम्ही पुढील बैठकीचे निमंत्रण दिले आहे.